वाचकांचे प्रश्न : भाडे वजनाचे की जागेचे?

प्रश्न : आमचे खोके 60×40×40 सेंमी मापाचे आहे. काट्यावर ते 11 किलो भरते, पण एक्स्प्रेस कुरिअरचे बिल 22 किलोचे येते. दर कमी करून मागावा का?

उत्तर : दराची घासाघीस नंतर करा, आधी टेप घेऊन भरलेले खोके मोजा. हलक्या मालाचे भाडे तो अडवतो त्या जागेवर ठरते. एक्स्प्रेस सेवेत बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. हे घनफळी वजन आणि काट्यावरचे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडे लागते. तुमच्या मापाने हे 19.2 किलो होते.

उरलेले पावणेतीन किलो खोके फुगल्यामुळे वाढले असावेत. माल दाबून भरला की बाजू बाहेर येतात आणि मोजणारे यंत्र सर्वांत पुढे आलेला बिंदू धरते. 62×42×42 झाले की 21.87, अर्ध्या किलोच्या पुढच्या टप्प्यावर नेले की 22. दुसरी शक्यता अशी, की खोकेवाल्याने दिलेले माप आतले आहे. बिल नेहमी बाहेरच्या मापाचे लागते आणि तीन-पदरी पुठ्ठ्याऐवजी जाड पाच-पदरी पुठ्ठ्याचे खोके घेतले तर तेवढ्यानेही बाहेरचे माप वाढते.

आता उपाय. आत वर मोकळी जागा राहत असेल, तर उंची 40 वरून 30 वर आणा. हिशेब 14.4 वर येतो, म्हणजे बिल 14.5 किलोचे. इंधन अधिभार बहुधा भाड्याच्या टक्केवारीत असतो, त्यामुळे तोही सोबत उतरतो. मात्र आहे तेवढाच माल लहान खोक्यात कोंबू नका, ते पुन्हा फुगेल.

तळाचे 60×40 हे माप मोडू नका. 120×100 सेंमीच्या पॅलेटवर (खोकी रचून उचलायच्या सपाट फळीवर) अशी पाच खोकी एका थरात तंतोतंत बसतात: तीन उभी, दोन आडवी. तळ 62×42 झाला की पॅलेटच्या कडेबाहेर न जाता तीनच मावतात. बाहेर लोंबू दिली तर खालच्या खोक्यांचे कोपरे आधाराविना राहतात आणि वरच्या वजनाने चेपतात.

प्रश्न : समुद्रमार्गे दर खेपेला सुमारे 14 घनमीटर माल जातो. सामायिक कंटेनर घ्यावा की पूर्ण?

उत्तर : तुम्ही अगदी काठावर आहात, त्यामुळे दोन्ही कोटेशने मागवाच. सामायिक कंटेनरमध्ये 1 घनमीटर किंवा 1 टन, जे जास्त त्यावर आकारणी होते. सागरी भाडे स्वस्त दिसते, पण पोहोचल्यावर कंटेनर उघडून प्रत्येकाचा माल वेगळा करणे, हाताळणी आणि गोदाम यांचे पैसेही बहुधा घनमीटरवारीच लागतात. फसगत होते ती इथेच. म्हणून दारापासून दारापर्यंतच्या प्रत्येक आकारणीची वेगळी ओळ मागा आणि बेरजा ताडून पाहा.

20 फुटी कंटेनरचे आतले घनफळ सुमारे 33 घनमीटर असते. खोक्यांचा माल प्रत्यक्षात 25 ते 28 बसतो. तो अर्धा रिकामा गेला तरी बेरीज जवळपास सारखी येत असेल, तर पूर्णच घ्या. माल कमी वेळा हाताळला जातो, तुटफूट कमी होते आणि दुसऱ्याच्या कागदपत्रांपायी तुमचा माल अडत नाही. माल टिकाऊ असेल आणि ग्राहक थांबत असेल, तर दोन खेपा एकत्र करणे याहून चांगले.

प्रश्न : भाड्याचा दर कमी मिळाला, तरी महिन्याचा खर्च तेवढाच का?

उत्तर : बिलातल्या डिमरेज आणि डिटेन्शनच्या ओळी पाहा. कंटेनर ठेवायला मिळालेले मोफत दिवस संपल्यावर भरलेला कंटेनर बंदरात पडून राहिला की डिमरेज लागते. बाहेर नेलेला रिकामा करून वेळेत परत केला नाही की डिटेन्शन. सहसा कारण कागदांत सापडते: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) यांत नगांची संख्या किंवा वजन जुळत नाही आणि दुरुस्तीत दिवस जातात. जहाज सुटण्यापूर्वीच बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मागवून तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडा. दर ठरवतानाच मोफत दिवस वाढवून मागा. माल बंदरात अडकल्यावर मागितले तर क्वचितच मिळतात.