पर्यावरणाची हानी नक्की कशामुळे होते: लोकसंख्या, की कारखाने, श्रीमंती आणि जागतिक व्यापार?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "युरोपातले श्रीमंत देश स्वच्छ झाले, मग आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांना का जमत नाही?" मूळ प्रश्न जरा थांबू दे, आधी या ओळीचं बघतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी डाईंग मास्टर होतो. निम्मं आयुष्य त्या वाफेत गेलंय, त्यामुळे ही ओळ जरा लागलीच.

आमच्याकडे जर्मनीतल्या एका आयातदाराची नेव्ही ब्लू बाथ टॉवेलची ऑर्डर असायची. नेव्ही ब्लू दिसायला झकास, रंगवणाऱ्याच्या मात्र जिवावर येतो. गडद छटेला रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक रीतीनं जोडला जाणारा) सुतात बसावा म्हणून लिटरमागे 60-70 ग्रॅम मीठ घालावं लागतं, वर सोडा अ‍ॅश. एवढं करूनही रंगाचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, सुतात बसतच नाही. तो धुवून काढायचा. गरम धुलाई, साबण, परत गरम, मग गार. गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात रंग सुटला तर लॉट परत येतो, म्हणून जे काय सुटायचं ते सोलापुरातच सुटलं पाहिजे. किलोभर मालाला 80-100 लिटर पाणी जातं ते असं.

त्या पाण्यातला रंग चुना आणि फेरस टाकून बराचसा खाली बसवता येतो. मीठ बसत नाही. त्याला आरओ, म्हणजे पाण्यातून मीठ वेगळं काढणारी गाळणी, लागतो. आरओतून उरलेलं खारं पाणी आटवायला बाष्पीभवनाचं यंत्र लागतं, त्याला वाफ, वाफेला बॉयलर, बॉयलरला कोळसा. म्हणजे पाणी स्वच्छ करायला हवा काळी करायची, आणि खर्च एवढा की आमच्यासारख्या छोट्या कारखान्याचा वर्षाचा नफा त्यात बुडेल.

एकदा आयातदाराचा माणूस मुंबईच्या एजंटला घेऊन स्वतः आला. माणूस सभ्य होता, चहा प्यायला, कामगारांशी हात मिळवले. आग विझवायचे सिलिंडर पाहिले, संडास पाहिले, पोरं कामाला नाहीत ना ते पाहिलं. मग अ‍ॅझो रंगांचा दाखला मागितला. कॅन्सरकारक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर जर्मनीनं 1994 मध्ये बंदी घातली, आपल्या सरकारनं 1997 मध्ये 70 अ‍ॅझो रंग बंद केले. तो धडा आम्हाला पाठ होता. कागद तयार होते. टॉवेल लॅबला गेला, पास झाला. मागच्या बाजूची सांडपाण्याची चारी दाखवायला मीच त्याला घेऊन गेलो होतो. त्यानं नाकाला रुमाल लावला, निळं पाणी पाहिलं, आणि मला रंगाच्या फास्टनेसबद्दल, म्हणजे पक्केपणाबद्दल, विचारलं.

दुपारी मालकांनी सांडपाणी प्रकल्पाचं कोटेशन टेबलावर ठेवलं. म्हणाले, किलोमागे थोडा भाव वाढवून द्या, दोन वर्षांची ऑर्डर लिहून द्या, पुढच्या वेळी याल तेव्हा प्रकल्प उभा असेल. पाहुण्यानं बॅगेतून कराचीच्या एका कारखान्याचा भाव काढला. एजंट हिंदीत म्हणाला, "शेठ, वो आपके घर का मामला है, टॉवेल का रेट बोलो." भाव वाढायचा राहिला बाजूला, पाच टक्के कमीच झाला. कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं. टॉवेलला मात्र "त्वचेला सुरक्षित" असं लेबल लागलं. ज्याच्या विहिरीत ते खारं पाणी पाझरत होतं तो शेजारचा शेतकरी कोणत्याच दाखल्यात बसत नव्हता.

जागतिक व्यापार म्हटलं की लोकांना जहाजाचा धूर आठवतो. जहाजांचा वाटा जगाच्या एकूण उत्सर्जनात 3 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि कंटेनर आल्यापासून एका टॉवेलमागे समुद्राचं भाडं अगदी किरकोळ पडतं. खरी भानगड तीच आहे. भाडं किरकोळ असल्यामुळे माल कुठंही बनवता येतो आणि घाण जिथं स्वस्तात खपते तिथं बनवला जातो. रंगांचंच बघा. ऱ्हाईनच्या काठी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला 1865 पासून रंगांचा कारखाना आहे, कृत्रिम रंगांची बरीचशी विद्या जर्मनांची. मी कामाला लागलो तेव्हा भारी व्हॅट रंगांच्या (हा रंगांचा एक पक्का प्रकार) डब्यांवर जर्मन आणि स्विस नावं असत. पुढं तेच रंग गुजरातेतून यायला लागले. वापी, अंकलेश्वरच्या नद्या त्या रसायनांनी कशा नासल्या ते तुम्ही वाचलं असेलच.

आता माझा मेहुणा. तो पुण्यात बाणेरला असतो, संगणकातला आहे. कंपनीनं जर्मनीला पाठवलं तेव्हा ऱ्हाईनच्या काठावर फोटो काढून आला, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात तेच ऐकवतो. "दाजी, तिथं नदीत माणसं पोहतात. आपल्याकडं गर्दी जास्त आणि शिस्त नाही, बाकी काही नाही." मी त्याला सांगितलं, याच नदीला एकेकाळी युरोपचं गटार म्हणायचे. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं, ईल मासे मरून वर आले. मग काठावरच्या देशांनी एकत्र बसून, रग्गड पैसा ओतून नदी सुधारली. तो पैसा कुठून आला? शे-दीडशे वर्षं ती नदी नासवूनच की.

शिस्तीचं म्हणाल, तर ती पुण्याच्या माणसानं सोलापूरकराला शिकवू नये. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, पवनेतून भीमेत येतं आणि उजनी धरणात साचतं. तेच पाणी आम्ही पितो, तेही काही दिवसांआड नळाला येतं तेव्हा. पुण्याच्या सोसायट्यांत कारंजी आहेत. युरोप आणि आमची चारी यांच्यात जे नातं आहे, तेच पुणे आणि उजनीत आहे, फक्त मध्ये समुद्र नाही.

गर्दीचा मुद्दा मात्र मी नीट वाचून काढला, कारण मेहुण्याला खोडायचंच होतं. 1971 च्या सुमारास अमेरिकेत हाच वाद पेटला होता. पॉल एर्लिक आणि जॉन होल्ड्रन हे शास्त्रज्ञ लोकसंख्येवर बोट ठेवत होते, जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर म्हणत होते की दोष तंत्रज्ञानाचा आहे. त्यातून जे सूत्र निघालं ते सोपं आहे: लोकसंख्या, गुणिले माणशी उपभोग, गुणिले तो माल बनवण्याची पद्धत. कॉमनरांनी दाखवलं की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-बावीस वर्षांत अमेरिकेची लोकसंख्या 40-42 टक्केच वाढली, प्रदूषण मात्र कित्येक पटींनी. साबणाच्या जागी डिटर्जंट आले, सुती-लोकरीच्या जागी कृत्रिम धागे. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटतं.

तुमच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर आकडे बघा. कार्बन डायऑक्साइड भारतात माणशी वर्षाला साधारण 2 टन, जर्मनीत 7 च्या आसपास, अमेरिकेत 14-15. ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे 1990 ते 2015 या काळातल्या उत्सर्जनात जगातल्या सर्वात श्रीमंत 10 टक्के लोकांचा वाटा 52 टक्के, आणि खालच्या निम्म्या जगाचा 7. शिवाय हे टन धूर जिथं निघतो त्या देशाच्या नावावर पडतात. नेव्ही ब्लू टॉवेलचा कोळसा भारताच्या खात्यात, टॉवेल हॅम्बुर्गच्या न्हाणीघरात. जगातला पाचवा ते पाव हिस्सा कार्बन असा दुसऱ्याच्या वापरासाठी निघतो. तेव्हा कोणी देशांची यादी दाखवली तर आधी विचारा, ती माल बनवणाऱ्यांची आहे की माल वापरणाऱ्यांची.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर खाली प्रतिक्रिया येतीलच. आमचे कारखानदार धुतल्या तांदळाचे नाहीत. प्रकल्प बसवून रात्री व्हॉल्व्ह उघडून सांडपाणी तसंच सोडणारे मी पाहिले आहेत. श्रीमंती आली की काही घाण खरंच कमी होते. ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 1991 मध्ये हवेतल्या सल्फर डायऑक्साइडबद्दल आणि धुराबद्दल ते दाखवलं. ऱ्हाईनही केवळ कारखाने बाहेर गेले म्हणून सुधारली नाही, कायदा आणि शुद्धीकरण केंद्रांनीही सुधारली. आणि कारखाने नकोत असं सोलापुरात कोण म्हणेल? इथली जुनी मिल 1877 ची. गिरण्या बंद पडल्यावर या गावाचं काय झालं ते आम्ही बघितलंय. त्या निर्यातीवरच माझ्या मुलांची शिक्षणं झाली.

परवाच्या साखरपुड्यात मेहुणा नवीन काढून बसला. युरोपनं आता आयातीवर कार्बनचा कर लावलाय, त्यामुळे सगळं सरळ होईल म्हणे. तो ज्या मालावर लागतो ती यादी मी वाचली आहे. त्यात लोखंड-पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज, हायड्रोजन आहे. टॉवेल नाही, आणि पाण्याचा तर विषयच नाही. उद्या टॉवेलही आला, तरी तो कर आयातदार स्वतःच्या खिशातून भरेल असं वाटणाऱ्यानं एकदा भावाच्या बोलणीला बसावं. बॅगेत कराचीचा कागद असतोच.