खान, खिंग, खखान आणि मधेच येणारं खवेस्त

ताई, तुम्ही विचारलंय की जूनमध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला यायचंय, डच शिकायला घेतलंय, पण 'खान' म्हणजे जाणे, त्याचा भूतकाळ कुठे 'खिंग' दिसतो कुठे 'खखान', मग पाठ कुठला करायचा. मी सात वर्षं इथे राहतेय आणि सुरुवातीला मीही इथेच अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही लागतात. 'इक खिंग' म्हणजे मी गेले, अनेकवचनात 'वे खिंगन'. पण बोलताना एखादी होऊन गेलेली गोष्ट नुसती सांगायची असेल तर लोक जास्त करून 'इक बेन नार दे मार्क्ट खखान' (मी बाजारात गेले) असंच म्हणतात, सोबत 'काल' आलं तरी चालतं, इंग्लिशसारखी अडचण नाही. आपण इंग्लिशवरून शिकतो त्यामुळे सगळीकडे खिंग लावत सुटतो. खिंग येतं ते गोष्ट रंगवून सांगताना नाहीतर सवय सांगताना, लहानपणी आम्ही मे महिन्यात आजोळी जायचो, त्यातलं 'जायचो' म्हणजे खिंगन.

आता खरी मेख. माझे मिस्टर एकदा उट्रेख्तला जाऊन आले, मी शेजारच्या आजींना सांगितलं 'मेन मान इस नार उट्रेख्त खखान', तर त्या विचारतात परत कधी येणार? ते तर घरातच होते. कारण 'इस खखान' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. जाऊन आलाय म्हणायचं तर 'इस नार उट्रेख्त खवेस्त', हे खवेस्त खरं तर 'असणे'चं रूप. डॉक्टरकडे जाऊन आले, डेंटिस्टकडे जाऊन आले, सगळीकडे हेच. मराठीत 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' यात आपली कधीच गल्लत होत नाही, म्हणून सांगते, इथे इंग्लिश बाजूला ठेवा आणि मराठीतून विचार करा.

खानसोबत कायम 'बेन' (म्हणजे 'आहे', 'इस' आणि 'झाइन' ही त्याचीच रूपं), 'हेप' (इंग्लिशमधलं have) कधीच नाही. सायकलचं मात्र दोन्हीकडून चालतं, नुसती चालवली तर 'हेप खफीत्स्त', सायकलने घरी गेले तर 'बेन नार हाउस खफीत्स्त'. आणि जेवायला गेलो होतो हे 'वे झाइन खान एतन', तिथे खखान होत नाही. इंटरव्ह्यूनंतर कोणी 'हू खिंग हेट?' विचारलं तर 'कसा झाला' असं विचारतायत, कुठे गेलात ते नाही.

उच्चाराचं एक, आइंडहोवनकडे हा ख मऊ असतो, अॅमस्टरडॅमसारखा घशातून खरवडून नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगपेक्षा वेगळा ऐकू आला तरी गोंधळू नका.