वाचकांचे प्रश्न : उभ्याने चालवायच्या फोर्कलिफ्टची मागची बाजू उघडी का?

प्रश्न : आमचा टॉवेल आणि चादरींचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. गोदामात रॅक वाढवल्यामुळे गल्ल्या अरुंद झाल्या, म्हणून मालकांनी बसून चालवायची जुनी फोर्कलिफ्ट काढून उभ्याने चालवायचा, बॅटरीवरचा रीच ट्रक (काटे पुढे सरकवून रॅकमधला माल उचलणारी फोर्कलिफ्ट) घेतला. ऑपरेटर मात्र तेच आहेत. गेल्या महिन्यात वळण घेताना एकाचा पाय गाडीबाहेर राहिला आणि रॅकच्या खांबाला घासला. सेफ्टी बूट होते म्हणून निभावले. आता मालक म्हणतात, उघड्या बाजूला साखळी किंवा लोखंडी फाटक बसवून घ्या. शिवाय गाडी कलंडू लागली तर आतच थांबावे, असे आम्हाला पूर्वी शिकवले होते. पुरवठादाराचा माणूस मात्र मागे उतरा म्हणतो. खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही सल्ले बरोबर आहेत, परंतु ते दोन वेगळ्या गाड्यांसाठी आहेत. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये ऑपरेटरला पट्टा असतो आणि गाडी आडवी होताना जो उडी मारतो, तो बहुधा डोक्यावरील संरक्षक जाळीच्याच खाली सापडतो. म्हणून तेथे आत राहून स्टिअरिंग घट्ट धरायचे, पाय रोवायचे आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचे, असे शिकवतात. मागून चढायच्या उभ्या गाडीत पट्टाही नसतो आणि आसनही नसते. गाडी कलंडू लागली किंवा माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावरून खाली घसरू लागली, तर मागे पाऊल टाकून गाडीपासून दूर व्हावे, अशी अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचीही शिकवण आहे. मागची बाजू उघडी ठेवण्यामागे हेच मुख्य कारण आहे. तरीही आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी पाहावे, कारण बाजूने चढायच्या गाड्याही असतात.

आता साखळीचा प्रश्न. लोखंड लावले की सुरक्षा झाली, असे आपल्याकडे फार लवकर ठरते. एमआयडीसीतल्या वेल्डरकडून बसवलेले फाटक ऐन वेळी उघडले नाही, तर बाहेर पडायची एकमेव वाट आपणच बंद केलेली असेल. काही उत्पादक विशिष्ट मॉडेलांसाठी दार देतात. ते हवे असल्यास मॉडेल आणि अनुक्रमांक कळवून उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी मंजुरी आल्याखेरीज गाडीला काहीही जोडू नये.

पाय बाहेर का गेला, हे शोधणे जास्त उपयोगाचे आहे. अशा पुष्कळ गाड्यांमध्ये ऑपरेटर चालीच्या दिशेला आडवा उभा राहतो आणि पायाखालचे पेडल दाबून धरले तरच गाडी चालते. पाय उचलला की ब्रेक लागतो. जुन्या गाडीत ज्याने वर्षानुवर्षे पाय दाबून ब्रेक लावला, त्याला पाय उचलून थांबण्याची सवय होण्यास वेळ लागतो. तोल सावरताना किंवा अंदाज चुकल्यावर तो नकळत पाय बाहेर टेकवतो, आणि त्या क्षणी टनावारी वजनाची गाडी अजून सरकतच असते. वळताना गाडीचे मागचे टोक बाहेरच्या बाजूला झोकांडी खाते, ते वेगळेच. काही मॉडेलांत स्टिअरिंग फिरवण्याची दिशाही सवयीपेक्षा उलटी असते. म्हणून अनुभवी ऑपरेटरलाही नव्याने शिकवावे लागते. ओशाच्या नियमांतदेखील ऑपरेटरला वेगळ्या प्रकारच्या गाडीवर नेमल्यास पुन्हा प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. पहिले काही दिवस रिकाम्या गाडीने मोकळ्या जागेत केवळ थांबण्याचा आणि वळण्याचा सराव घ्यावा. कोणी पेडलवर वीट ठेवून किंवा सुतळी बांधून ते दाबून ठेवलेले दिसले, तर ती गाडी त्याच क्षणी बंद करावी.

आपण विचारले नाही, पण रॅकची एक गोष्ट अवश्य मोजा. गाडी मागे घेताना तिचे मागचे धड रॅकच्या आडव्या बीमखाली शिरले आणि बीमची उंची त्या धडापेक्षा जास्त, पण डोक्यावरील जाळीपेक्षा कमी असली, तर तो बीम थेट उभ्या माणसाच्या छातीवर येतो. टेप घेऊन जमिनीपासून गाडीच्या धडाची उंची, जाळीची उंची आणि सर्वांत खालच्या बीमची उंची मोजून पाहावी. बीम या दोहोंच्या मध्ये येत असेल, तर तो खाली घेऊन गाडीचे धडच त्याला अडेल अशी व्यवस्था करणे, किंवा उत्पादकाकडून मागचे संरक्षक खांब बसवून घेणे, हे दोन मार्ग आहेत.

टॉवेलच्या गोदामात आणखी एक अडचण असते. फरशीवर साचलेल्या तंतूंच्या थरावर चाके घसरतात आणि थांबायचे अंतर वाढते. त्यामुळे गल्ल्या प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला झाडून घ्याव्यात. उचललेल्या मालाच्या गाठींमुळे समोरचे दिसत नसेल, तर भार मागे ठेवून, चालीच्या दिशेला पाहत गाडी न्यावी.

प्रश्न : फोर्कलिफ्ट चालवण्यास आरटीओचा परवाना लागतो का? आमची दोन शेड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. (चिंचोळी एमआयडीसी)

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधील व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष प्रकारची वाहने वगळलेली आहेत. आपली गाडी मात्र फाटकाबाहेर पडून सार्वजनिक रस्ता ओलांडते, त्यामुळे ही सवलत गृहीत धरू नका आणि आरटीओकडून लेखी खुलासा घ्या. माझे मत विचाराल, तर तो माल टेम्पोने न्यावा. रीच ट्रकची लहान, कठीण चाके गुळगुळीत फरशीसाठी असतात. खड्ड्यात एक चाक गेले तरी उंच भारासह तोल जातो.

प्रश्न : बॅटरी गोदामाच्या कोपऱ्यात गाठींशेजारी चार्ज केली तर चालेल का? उन्हाळ्यात तिचे पाणीही फार लवकर उतरते.

उत्तर : चालणार नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले की ठिणगी पुरते, आणि आपल्याकडे शेजारी कापूस आहे. हा वायू हलका असल्याने पत्र्याखाली साचतो, म्हणून चार्जिंगची जागा वेगळी, विडी-काडीस बंदी असलेली आणि वरच्या बाजूने हवा जाईल अशी असावी. चार्जर आधी बंद करून मगच प्लग काढावा. सोलापूरच्या मे महिन्यात पाण्याची पातळी अधिक वेळा पाहावी लागते, परंतु डिस्टिल्ड पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे. आधी काठोकाठ भरल्यास चार्ज होताना ॲसिड उतू जाते. हे काम करणाऱ्याला चष्मा व रबरी हातमोजे द्यावेत, आणि डोळ्यांत थेंब गेल्यास किमान १५ मिनिटे सलग धुता येईल असा वाहत्या पाण्याचा नळ तेथे असावा.