रोज सकाळी चांगली वाक्यं म्हणून स्वतःला टोचून बोलायची सवय खरंच सुटते का?

सुटते. पण तुम्ही जी वाक्यं म्हणताय त्यांनी सुटेल असं मला वाटत नाही. दोन आठवडे रोज आरशासमोर ‘मी परिपूर्ण आहे, मी यशस्वी आहे’ असं वीस-वीस वेळा म्हणताय, उलट जास्तच कसंनुसं होतंय, आणि अजून किती दिवस म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. मी यातून गेलेय म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

मी बेळगावची, वडगावात वाढलेली. उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब बघते, हायड्रॉलिकचे सुटे भाग बनतात तिथं. २०१८ ची गोष्ट, जीएसटी येऊन वर्षही झालं नव्हतं. शिनोळीची एक पार्टी आमच्याकडून माल घ्यायची. शिनोळी म्हणजे आमच्या दारातच, रोज माणसं कामाला ये-जा करतात. पण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. त्यांचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, आमचा २९ नं, म्हणजे बिलावर आयजीएसटी, परराज्यातल्या विक्रीचा कर, लागायला पाहिजे. मी ओळीनं ११ बिलांवर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणारे कर, लावून मोकळी झाले. शिनोळी परराज्य आहे हे डोक्यात आलंच नाही. सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

शेठ एवढंच म्हणाले, “क्रेडिट नोट काढा, नवीन बिलं करा, त्यांच्या अकाउंटंटशी मी बोलतो.” दोन दिवसांचं काम होतं. ते झालं, विषय मिटला. माझ्या डोक्यात मात्र तो पुढं आठ महिने चालला. चपात्या लाटताना, तिसऱ्या रेल्वे गेटापाशी फाटक पडलेलं असताना, रात्री दिवा मालवला की एकच सुरू व्हायचं: ‘ढ ती ढच. पीयूसीत नापास झालेलं डोकं ते, ह्याहून काय होणार?’

ते पीयूसीचं, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचं, असं. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात, मार्क चांगले, म्हणून सायन्सला घातलं. तिथं सगळं इंग्रजीत. घर्षण मला येत होतं, फ्रिक्शन येत नव्हतं. फिजिक्समध्ये गेले. त्या दिवशी दादा जे बोलला ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच शब्दांत माझ्या डोक्यात राहिलं. मला शिव्या द्यायला नंतर त्याची गरजच उरली नाही.

आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीनं माझा चेहरा बघून एक ऑडिओ पाठवला. एकवीस दिवस, आरशासमोर, रोज वीस वेळा. ‘मी हुशार आहे. मी स्वतःवर प्रेम करते. मी जशी आहे तशी परिपूर्ण आहे.’ मी मन लावून केलं. आणि प्रत्येक वाक्याला आतून उत्तर यायचं: मी हुशार आहे. ‘मग ती अकरा बिलं कुणी केली?’ वीस वेळा म्हणायचं म्हणजे वीस वेळा ते उत्तर ऐकायचं. नवव्या दिवशी मी आरशासमोर रडले आणि बंद केलं. तेव्हा वाटलं, एवढंसुद्धा आपल्याला जमत नाही.

दोष माझा नव्हता हे बरंच नंतर वाचल्यावर कळलं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं आणि २००९ मध्ये छापलं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना घोकायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल वाईट वाटत होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच हे औषध बाधतं. ऑडिओ पाठवणारे हे का सांगत नाहीत याचा मला आजही राग येतो. वीस वेळा म्हणायची पद्धतही जुनीच आहे. एमिल कुए नावाचे एक फ्रेंच औषधविक्रेते शंभर वर्षांपूर्वी लोकांना वीस गाठी मारलेली दोरी द्यायचे आणि ‘दिवसेंदिवस मी सर्व बाबतींत सुधारतोय’ असं वाक्य सकाळ-संध्याकाळ एकेका गाठीवर म्हणायला सांगायचे.

आणखी एक गोष्ट नडत होती, ती भाषेची. आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी खातो, मी आलो’ असंच बोलतात. लिहिताना मी शाळेत शिकल्यासारखं ‘गेले, केले’ लिहिते, तोंडात मात्र ‘गेलो, केलो’ असतं. ‘मी स्वतःवर प्रेम करते’ म्हणताना वाटायचं, ही कोण पुण्याची बाई माझ्या आरशात उभी आहे? शिवी आमच्या गल्लीतल्या भाषेत आणि माया पुस्तकातल्या भाषेत, मग जिंकणार कोण?

आता खरं सांगायचं ते. आमचे अप्पा वडगावात दुसऱ्याच्या यंत्रमागावर साड्या विणायचे, साडीमागं मजुरी. शाळेतून आल्यावर मी त्यांच्याजवळ कांड्या भरत बसायची. मागाची खटखट इतकी की बोललेलं ऐकू यायचं नाही. तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की मात्र माग थांबायचा आणि त्या शांततेत अप्पांचं बोलणं ऐकू यायचं. तुटलेली तार तशीच राहिली तर साडीत उभी रेघ पडते आणि मजुरी कापली जाते, त्यामुळं घाई असायचीच. अप्पा तळहात ताण्यावरून, म्हणजे उभ्या धाग्यांवरून, हळू फिरवायचे, सुटलेलं टोक सापडलं की अंगठा ओला करून सुताचा तुकडा त्याला जोडायचे आणि आकड्यानं फणीतून ओढून घ्यायचे. पहिल्यांदा निसटायचंच. तेव्हा स्वतःलाच म्हणायचे, “मालक, हळू की. तार हाय, दोर नव्हं.” त्यांना मालक म्हणणारं त्या शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

आरसा सोडल्यावर काही महिन्यांनी कामावर ई-वे बिलात, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या बिलात, मी गाडीचा नंबर चुकीचा घातला. गाडी गेटाबाहेर उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. ‘ढ’ आता येणार म्हणून अंग आखडून घेतलं आणि तोंडातून निघालं, “मॅडम, हळू की. गाडीचा नंबरच हाय.” नंबर बदलला, गाडी गेली. त्या रात्री डोकं गप्प होतं.

‘मी’ असं न म्हणता स्वतःला नावानं किंवा ‘तू’ म्हणून हाक मारली तर मनावरचा ताण कमी होतो, हे मिशिगन विद्यापीठाच्या इथन क्रॉस यांनी प्रयोगांतून दाखवलंय, २०१४ मध्ये. आपल्याकडं समर्थांनी २०५ श्लोक मनालाच सांगितलेत आणि त्याला हाक कशी मारलीय? ‘मना सज्जना’. सज्जन म्हणून बोलावलं की पुढचं कडक बोलणंही ऐकावंसं वाटतं. अप्पांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं.

तुम्ही ‘मी परिपूर्ण आहे’ सोडा. तुम्हाला स्वतःलाच खोडता येणार नाही असं वाक्य शोधा, आणि ज्या भाषेत स्वतःला शिव्या देता त्याच भाषेत ते म्हणा. घरी कानडी बोलत असाल तर कानडीत. माझं आहे, “चुकलो. बघतो. नीट करतो.” ह्याला आतून उलट उत्तर येत नाही, कारण तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिवाय वाक्याची खरी वेळ चूक होते त्या क्षणाची. सकाळी मी फक्त एवढंच म्हणतो, “आज कायतरी चुकंल, ते बघू.” (हे वाक्य मुद्दाम बोलते तसंच लिहिलंय.)

दादाला हे अजून पटत नाही. तो म्हणतो, स्वतःला टोचून बोलल्याशिवाय माणूस वर येत नाही, अप्पा स्वतःला गोंजारत बसले म्हणून जन्मभर मजुरीवर राहिले. हे मला सहन होत नाही, म्हणूनच तुमचा प्रश्न बघून एवढं लिहायला बसले. अप्पा मजुरीवर राहिले कारण माग दुसऱ्याचे होते, सूत महागलं तरी मजुरी तेवढीच राहायची, आणि बाजार पडला की माग बंद. चार शिव्या स्वतःला जास्त दिल्या असत्या तर सावकारानं एक माग त्यांच्या नावावर केला असता काय? त्यांच्या साडीत रेघ नसायची, हे वडगावात अजून म्हातारे विणकर सांगतात. शांत हातानंच बारीक तार सांधली जाते. दादा स्वतःला रोज टोचतो, त्याचं बीपी वाढलेलं आहे, आणि गेल्या दिवाळीत मी बघितलं ते असं: त्याची नऊ वर्षांची मुलगी गणित चुकल्यावर तळहातानं कपाळावर मारून घेत होती आणि म्हणत होती, “गाढव!” हुबेहूब त्याच्यासारखं. मी तिचा हात धरला. वहिनी बघत होती, दादानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

किती दिवस लागतात ते राहिलंच. एकवीस दिवसांत माझं काही झालं नाही, वर्ष तरी गेलं असेल. अजूनही दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरताना ‘ढ’ येतो. येऊन जातो.

एक सांगायचं राहिलं, ते खरं म्हणजे आधीच सांगायला पाहिजे होतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा तो आवाज जगण्यात अर्थ नाही असं म्हणायला लागला असेल, तर वाक्यं म्हणत बसू नका, माझीही नाहीत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदतीचा, सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं आणि कानडीतही. प्रत्यक्ष दाखवायचं तर आमच्याकडून धारवाडचं डिमहॅन्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय, जवळ पडतं, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.