सहा महिन्यांच्या सशासाठी कोरडं खाद्य कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की ससा सहा महिन्यांचा आहे, वजन दीड किलो, राहायला मालाडला. दुकानदाराने दिलेल्या रंगीबेरंगी खाद्यातले पिवळे-लाल दाणे तेवढे वेचून खातो आणि हिरवट गोळ्या वाटीत तशाच ठेवतो. म्हणून दुसरं चांगलं कोरडं खाद्य कोणतं, असं विचारलंय.

ते रंगीत खाद्य पुन्हा आणू नका, एवढं आधी सांगते. हे सांगायला माझ्याकडे कारण आहे.

आमच्या लालबागच्या घरी नऊ वर्षांपासून ससे आहेत. पहिला कापूस. त्यालाही आम्ही असंच मिश्र खाद्य द्यायचो: मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, वाळवलेल्या गाजराचे तुकडे, रंगीत चकत्या आणि मधूनमधून गोळ्या. तो वाटीवर तुटून पडायचा आणि आम्हाला वाटायचं, पोरगं कसं मजेत जेवतंय. दोन वर्षांचा झाला तेव्हा हनुवटी सतत ओली राहायला लागली. मग गाजरसुद्धा तोंडात धरून खाली टाकायला लागला. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं तर मागच्या दाढांना टोकं फुटली होती आणि त्यांनी जीभ कापली जात होती. भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या आणि पुढे दर काही महिन्यांनी तेच करावं लागलं. पुढचे दात दिसतात, दाढा दिसत नाहीत, त्यामुळे आम्हाला कळलंच नाही.

सशाचे सगळे म्हणजे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. ते झिजतात गवत चावताना, कारण लांब काडी चघळायला जबडा तासन् तास आडवा फिरवावा लागतो. दाणा किंवा गोळी दोन-चार चाव्यांत चुरा होऊन पोटात जाते. पोटाचं गणितही तसंच आहे. सशाच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक भलीमोठी पिशवी असते, तिथले जंतू चोथा आंबवतात. चोथा कमी पडला आणि पिठूळ, गोड पदार्थ जास्त झाले की जंतूंचं संतुलन बिघडतं, गॅस धरतो, आतडी मंदावतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं गेलेलं बाहेर काढायचा मार्गच नसतो.

मिश्र खाद्यावर एडिंबरा विद्यापीठात नीट अभ्यास झालाय. ३२ डच जातीच्या सशांना चार गटांत ठेवून १७ महिने वेगवेगळा आहार दिला. मिश्र खाद्यावरचे ससे लठ्ठ झाले, पाणी कमी प्यायले आणि त्यांच्या दातांचे त्रास वाढले. सोबत गवत ठेवूनही त्यांनी ते कमी खाल्लं. तुमचा ससा दाणे वेचतोय हा त्याचा हट्ट नाही. गोड आणि पिठूळ समोर असेल तर कुठलाही ससा तेच उचलणार. वेचायची सोय असलेलं खाद्यच घरात आणू नये.

आता पाकीट निवडताना मी काय बघते ते सांगते. सगळ्या गोळ्या एकसारख्या, तपकिरी-हिरव्या, दिसायला अगदी नीरस हव्यात. मग पाकीट उलटं करायचं. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं हवं, प्रौढ सशासाठी शक्यतो टिमोथी या वाळवून विकल्या जाणाऱ्या परदेशी गवताचं. गहू, मका, सोयाबीन यांनी यादी सुरू होत असेल किंवा काकवी, मध, साखर दिसली तर ठेवून द्या. मग आकडे. क्रूड फायबर म्हणजे चोथा किमान १८ टक्के, २० च्या वर असेल तर उत्तम. प्रथिनं १२ ते १४ टक्के पुरेत. स्निग्धांश ३ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. कॅल्शियम १ टक्क्याच्या आत. हा शेवटचा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत. आपल्या शरीराला नको असलेलं कॅल्शियम आतडी फारसं शोषत नाहीत. सशाचं तसं नाही, तो आहारातलं बरंचसं शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. म्हणून कॅल्शियम जास्त झालं की लघवी खडूच्या पाण्यासारखी पांढरी, दाट होते आणि पुढे मूत्राशयात गाळ किंवा खडा होऊ शकतो.

अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर, म्हणून वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती चांगली. तुमचा ससा नेमका बदलाच्या वयात आहे. आतापर्यंत पिल्लांचं अल्फाल्फाचं खाद्य चाललं असतं, इथून पुढे टिमोथीवर न्या. परदेशी कंपन्यांपैकी ऑक्सबोचं टिमोथीवर आधारलेलं खाद्य मुंबईत ऑनलाइन मिळतं, मी तेच वापरते. महाग आहे, पण लागतं थोडंच. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या पाकिटावर वरचे आकडे जुळत असतील तर तेही बिनधास्त घ्या.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, पशुखाद्याच्या दुकानात पोत्याने मिळणारं ससेपालनाचं खाद्य. ते थोड्या महिन्यांत वजन वाढवण्यासाठी बनवलेलं असतं, घरात आठ-दहा वर्षं जगवायच्या सशासाठी नाही. कोंबडीखाद्य तर नकोच नको. दोन, पारदर्शक पिशवीत भरून स्टेपल मारलेलं सुटं खाद्य. त्यावर ना घटक, ना तारीख. मी क्रॉफर्ड मार्केटपासून उपनगरांतल्या दुकानांपर्यंत अशा पिशव्या पाहिल्यात. गोळ्यांमधली जीवनसत्त्वं महिन्यागणिक कमी होत जातात, म्हणून तारीख बघूनच घ्यावं.

तारखेइतकीच आपल्याकडची हवा महत्त्वाची. जून ते सप्टेंबर मुंबईत पापड सादळतात, तिथे गोळ्यांचं काय होत असेल! बुरशीच्या विषाला ससे फार नाजूक असतात. मी पावसाळ्यात एक किलोच्या वरचं पाकीट आणत नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते आणि वाटीत काढायच्या आधी वास घेते. कुबट वास आला, गोळ्या मऊ लागल्या किंवा एकमेकींना चिकटल्या तर तेवढं सगळं टाकून देते. गवत मात्र डब्यात कोंडू नका. सुती पिशवीत, भिंतीपासून थोडं लांब, वारा लागेल असं टांगा.

किती द्यायचं? प्रौढ सशाला दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त २५ ग्रॅम असं धरतात. म्हणजे तुमच्या दीड किलोच्या सशाला ३५ ग्रॅमच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ मिळून. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून बघा. मूठभर दिसतं, आणि घरातल्या मोठ्यांना हमखास वाटतं की आपण जनावराला उपाशी ठेवतोय. माझ्या सासूबाईंनाही वाटायचं. त्यांना मी गवताचा ढीग दाखवायचे: त्याचं खरं जेवण ते आहे. आहाराचा ८० टक्क्यांहून जास्त भाग गवताचा हवा आणि ते चोवीस तास समोर हवं. गोळ्या भरपूर मिळाल्या की ससा गवताकडे बघत नाही, मग कितीही भारी कंपनीचं खाद्य आणलं तरी दाढा घासल्या जात नाहीत.

टिमोथी संपलं आणि पार्सल यायला उशीर झाला तर मी दादरच्या फुलबाजारातून दूर्वांच्या जुड्या आणते. दूर्वा म्हणजे हरळी, सशांना चालते आणि आवडते. तीन-चार पाण्यांतून धुवायची, दोरे काढायचे आणि चादरीवर पसरून कोरडी करायची. ओली जुडी तशीच ढिगाने ठेवू नका, आतून तापते आणि आंबते. बागेतलं किंवा रस्त्याकडेचं गवत मी कधीच देत नाही, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही. हिरव्यात कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला हे रोज थोडं थोडं चालतं. पोळी, भात, बिस्किट, भिजवलेले चणे मात्र घरात कोणीही देणार नाही, हे सगळ्यांना एकदा सांगून ठेवा.

खाद्य बदलताना घाई करू नका. पहिले तीन-चार दिवस पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं, मग निम्मं-निम्मं, असं करत दोन आठवड्यांत पूर्ण बदला. जुन्यातले मका आणि बिया मात्र आजच वेचून काढा, त्या हळूहळू कमी करायची गरज नाही. या काळात रोज सकाळी लेंड्या बघा. मोठ्या, गोल, कोरड्या आणि मोडल्यावर आत गवताचा चुरा दिसणाऱ्या असतील तर सगळं ठीक चाललंय. लहान, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या तर बदल थांबवून गवत वाढवा. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो, ते नैसर्गिक आहे, अडवू नका. त्या खाली पडून राहायला लागल्या तर बहुतेक वेळा गोळ्या जास्त होतायत.

नवं खाद्य आवडलं नाही म्हणून दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येईल, असं समजून उपाशी ठेवू नका. गवत, पाला, गोळ्या यांतलं काहीच १०-१२ तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडायच्या थांबल्या, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच दवाखान्यांत सशांवर उपचार होत नाहीत. तेव्हा मालाडच्या जवळ कोण ससे बघतं ते आजच विचारून नंबर घेऊन ठेवा, आणि पहिल्याच भेटीत दाढा तपासून घ्या.