उभ्या गाडीची बॅटरी कशी सांभाळाल

रोज पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याचा उपाय आधी सोडा. तेवढ्यात बॅटरी पूर्ण भरत नाही आणि इंजिन नीट न तापल्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साठतं.

गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, लॉकिंग थोडा करंट खातच असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात निम्मी. अशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि ते मग चार्जिंगनेही पुरतं निघत नाही. म्हणून मल्टिमीटर घ्याच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ला चार्जिंगला लावा, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी.

विजेचा प्लग जवळ असेल तर स्वयंचलित मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी भरली की करंट आपोआप कमी करणारा, सर्वांत उत्तम. साधा चार्जर आठवडाभर लावून ठेवू नका, बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडून जातं. बॅटरी एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली, सीलबंद) असेल तर चार्जरवर तोच मोड निवडा. आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला, शेवटी प्लग. काढताना बरोबर उलट. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि ठिणगी बॅटरीपासून लांब.

प्लग नसेल तर मायनस केबल काढून ठेवा. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. डिकी बॅटरीच्या करंटशिवाय उघडत नसेल, तर ती आधी उघडून ठेवा.