फुटबॉलच्या खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या फॉरवर्डनं किती वर्षं खेळावं? तिशीनंतर त्याचा टीमला काही उपयोग असतो का?

असतो. प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचून डोकं तापलं म्हणूनच लिहायला बसलोय. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं स्ट्रायकर म्हणून खेळलोय, त्यामुळं हे ऐकीव नाही.

या विषयावर कुणीही तोंड उघडलं की इंग्लंडच्या जेमी वार्डी या स्ट्रायकरचं नाव येतं. नॉन-लीगमधनं, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्याही खालनं, २०१२ ला लेस्टर क्लबला गेला, २०१६ ला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग जिंकली, बास. वार्डी मोठाच आहे, वादच नाही, पण तो खालच्या लीगमधनं निघून गेलेला माणूस आहे. जे तिथंच राहिले, दरवर्षी ४६-४६ लीग मॅच खेळले, चिखलात, थंडीत, त्यांचं कोण बोलत नाही.

माझा माणूस अकिनफेन्वा. अडेबायो अकिनफेन्वा. लंडनचा पोरगा, करिअर सुरू झालं लिथुआनियात, तिथं प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या खाल्ल्या, मग वेल्स, मग इंग्लिश लीगमध्ये स्वान्सी, नॉर्दम्प्टन, जिलिंगहॅम, विम्बल्डन, असे क्लब बदलतच गेला. वजन शंभर किलोच्या वर. सगळे म्हणायचे हा फुटबॉलसाठी जाड आहे. २०१६ मध्ये विम्बल्डनकडनं प्लेऑफ फायनलमध्ये (जिंकणारी टीम वरच्या लीगमध्ये जाते) लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर गोल मारला आणि मॅच संपल्या संपल्या टीव्हीवर सांगितलं की मी आता बेरोजगार आहे, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सॲपवर मेसेज करा. तेव्हा वय ३४! त्यानंतर वायकम्बला गेला आणि सहा वर्षं खेळला. २०२० मध्ये वायकम्ब ऑक्सफर्डला २-१ हरवून पहिल्यांदाच चॅम्पियनशिपमध्ये गेली, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवर. तेव्हा हा ३८ चा. त्या फायनलमधल्या दोन गोलांपैकी एकही त्याचा नव्हता, हे नीट लक्षात ठेव, पुढं लागणार आहे. थांबला २०२२ ला, वयाच्या चाळिशीत.

आता माझं सांगतो. आमच्या तालमीच्या टीममध्ये (नाव घेत नाही) एका सीझनला कारभाऱ्यांनी ठरवलं की मी संपलो. तिशी उलटून गेली होती, पळणं कमी झालं होतं हे खरंय. माझ्या जागी एक विशीतलं पोरगं घेतलं, तुफान पळायचं. मला सांगण्यात आलं की फॉरवर्डचं काम गोल मारणं, ते तुझ्याकडनं होईना, आता बूट खुंटीला टांग. सगळ्या पोरांसमोर. मी काही बोललो नाही, प्रॅक्टिसला जात राहिलो.

मग एका स्पर्धेची सेमी. आम्ही एक गोलनं मागं, समोरचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि आमचं पोरगं एकटंच पुढं, बॉल आला की दोघं मिळून त्याला चेपायचे. उत्तरार्धात मला उतरवलं, त्याच्या जोडीला. आमच्या गोलकीपरनं लांब किक मारली. असा बॉल येताना नवीन पोरं वर बघत राहतात. मी आधी पाठीनं स्टॉपर शोधला. कंबर खाली, पाय फाकवून, हात बाजूला पण खांद्याच्या खाली, वर गेला की रेफ्री शिट्टी मारतोच. तो मागनं ढकलतोय, ढकलू दे. बॉल छातीवर घेतला, मांडीवर मारला, खाली पडला आणि तिथंच थांबला. एक श्वास घ्यायचा. तेवढ्यात विंगवाला निघतो, त्याला द्यायचा. नाही निघाला तर स्टॉपर वैतागून पायात पाय घालतो, फ्री किक. मी पुढं सगळं एवढंच केलं, पुन्हा पुन्हा. एका फ्री किकवर बरोबरी झाली. टायब्रेकरला जाणार असं वाटत असताना मी एक बॉल डोक्यानं मागं ढकलला आणि ते पोरगं त्यावर सुटलं, गोल. हलग्या, गुलाल, सगळं स्टेडियम उभं. पोरगं येऊन गळ्यात पडलं, म्हणालं, दादा, मला फक्त पळायचं काम ठेवलंत. त्याला कळलं होतं.

कारभाऱ्यांना नाही कळलं. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल मारणाऱ्यांची नावं, कट्ट्यावरही तीच चर्चा, आणि पुढच्या मॅचला मी परत बाहेर बसलो, कारण "गोल कुठं आहेत तुझे?" त्यावरनं आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्यांना माझं आजही सांगणं आहे की गोल हा शेवटचा टच असतो. त्याच्या आधी बॉल कुणीतरी धरून ठेवलेला असतो, मार खाल्लेला असतो. वायकम्बनं चाळिशीच्या माणसाला उगाच पगार दिला का? गोल दुसऱ्यानं मारले तरी तो टीममध्ये होता, कारण त्याच्या अंगावर बॉल टाकला की टीम वीस यार्ड पुढं सरकायची. ज्याला फक्त स्कोअरशीट वाचता येते त्यानं टीम निवडू नये, स्पष्ट सांगतो.

तर भावा, किती वर्षं, याला आकडा नाही. वेग गेला की थांब असं कोणी म्हटलं तर ऐकू नको, वेग गेला की खेळ बदल. पाठ गोलकडे करून खेळायला आजच शीक, पंचविशीतच शीक, तिशीत शिकायला घेतलंस तर उशीर होतो. डाव्या पायानं बॉल थांबवता येत नसेल तर रोज भिंतीवर मार. बेंचवर बसवलं तर बस, पण प्रॅक्टिस चुकवू नको.

हां, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि डॉक्टर सांगतील तसं कर. आणि अकिनफेन्वाला पगार होता, इंग्लंडात चौथ्या पायरीवरही फुटबॉल ही नोकरी असते. आपल्याकडं तालमीच्या मानधनावर घर चालत नाही, त्यामुळं असलेली नोकरी सोडू नको, संध्याकाळची प्रॅक्टिस जमेल अशी शिफ्ट मागून घे.